शिंदे म्हणजे नेमके कुठले शिंदे?

विशाखापट्टणमला जहाजबांधणीच्या कारखान्याजवळच्या भागाला ‘सिंधिया’ म्हणतात. हा मुलूख कधी ग्वाल्हेर संस्थानात नव्हता. तरी सातारा जिल्ह्यातून निघून ग्वाल्हेरला राज्य करणाऱ्या शिंदे घराण्याचं आडनाव, उच्चारात थोडं वाकडं होऊन, थेट बंगालच्या उपसागराच्या काठी जाऊन बसलंय आणि रोज हजारो तेलुगू माणसांच्या तोंडी येतंय.

ते तिथं पोचलं बोटीनं. १८९१ साली इंग्लंडात बांधलेली ‘एम्प्रेस ऑफ इंडिया’ ही आगबोट कॅनडाच्या एका रेल्वे कंपनीच्या मालकीची होती. प्रशांत महासागर ओलांडून व्हँकुव्हर ते हाँगकाँग अशा तिच्या फेऱ्या चालत. पहिलं महायुद्ध पेटलं तेव्हा, १९१४ च्या अखेरीस, ग्वाल्हेरचे माधवराव शिंदे यांनी ती विकत घेतली. जखमी हिंदी सैनिकांसाठी तिचं तरंगतं इस्पितळ झालं आणि तिला नवं नाव मिळालं, ‘लॉयल्टी’. ही निष्ठा कुणाच्या चरणी होती ते वेगळं सांगायला नको.

युद्ध संपल्यावर ती बोट सोलापूरचे वालचंद हिराचंद, नरोत्तम मोरारजी, किलाचंद देवचंद आणि लल्लूभाई सामळदास या मंडळींनी घेतली. तेव्हा हिंदुस्थानच्या किनाऱ्यावरची बोटींची वाहतूक ब्रिटिश कंपन्यांच्या मुठीत होती आणि नव्या देशी कंपनीला त्या सुखानं धंदा करू देणार नव्हत्या. १९१९ मध्ये कंपनी उभी राहिली. ग्वाल्हेरकरांची बोट घेऊन धंद्यात उतरलेल्या या कंपनीनं नावही ग्वाल्हेरकरांचंच घेतलं: सिंधिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी. ५ एप्रिल १९१९ रोजी ‘लॉयल्टी’ मुंबईहून लंडनला निघाली. ५ एप्रिल हा दिवस आपण १९६४ पासून राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळतो, तो या प्रवासासाठी. साहेबावरची निष्ठा मिरवणारी बोट स्वदेशी जहाजधंद्याची मानाची बोट ठरली. बोटीचं नाव बदलायच्या भानगडीतही कुणी पडलं नाही!

पुढं कंपनी मोठी झाली. मुंबईला बॅलार्ड इस्टेटमध्ये तिचं मुख्य कचेरीचं घर झालं, ते सिंधिया हाऊस. विशाखापट्टणमला तिनं जहाजं बांधायचा कारखाना काढला. २१ जून १९४१ रोजी राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते त्याची पायाभरणी झाली आणि १४ मार्च १९४८ ला पंडित नेहरूंनी तिथून ‘जलउषा’ हे जहाज पाण्यात सोडलं. १९५२ मध्ये कारखाना सरकारच्या हाती जाऊन हिंदुस्थान शिपयार्ड झाला. कंपनीची पाटी उतरली, पण लोकांच्या तोंडचं ‘सिंधिया’ काही उतरलं नाही. गंमत अशी, की कंपनी काढणाऱ्या या चौघांत शिंदे एकही नव्हता.

आडनाव एक दिसलं की आपण लगेच नातं जोडायला धावतो. प्रवासात शेजारी बसलेल्याचं आडनाव कळलं की पुढचा प्रश्न ठरलेला: ‘म्हणजे तुम्ही कुठले शिंदे?’ हा प्रश्न आपण सवयीनं विचारतो, पण त्यात मोठं शहाणपण आहे. नुसत्या ‘शिंदे’ या शब्दावरून फारसं काही कळत नाही, हे विचारणाऱ्याला ठाऊक असतं. रक्ताचं नातं ही आडनाव चालत येण्याची एक वाट झाली. लग्न, दत्तक, चाकरी, वस्ती, मालकी आणि निव्वळ पाटी अशा बाकीच्याही वाटा आहेत, आणि शिंद्यांइतका या सगळ्या वाटा तुडवलेला दुसरा नमुना मराठीत सापडणं अवघड.

आधी हे बघू, की मराठी आडनावं सगळी एका मुशीतली नसतात. काही गावावरून येतात. नीरेकाठच्या होळ गावावरून होळकर. अशा आडनावाचा पत्ता आडनावातच असतो. काही हुद्द्यावरून येतात: पाटील, कुलकर्णी, देशमुख, देशपांडे. हा हुद्दा गावोगावी, परगण्या-परगण्यात वेगळ्या घराण्याकडे होता. त्यामुळं दोन गावच्या दोन पाटलांचा एकमेकांशी संबंध असायचं काहीच कारण नाही. महसुली पाटलाचं पद १९६२ च्या कायद्यानं गेलं, आडनाव मात्र आधार कार्डापर्यंत येऊन ठेपलं. आणि तिसरी जात कुळाच्या नावांची: शिंदे, जाधव, मोरे, पवार, चव्हाण, साळुंखे. ही नावं फार जुनी आहेत आणि फार पसरलेली आहेत. ती एका गावाची नाहीत, एका पदाचीही नाहीत.

मराठ्यांच्या शहाण्णव कुळांच्या याद्यांत शिंदे आहेतच. (या याद्या दहा ठिकाणी दहा प्रकारच्या मिळतात आणि कुळं मोजायला बसलात तर शहाण्णवाचा हिशेब सहसा जुळत नाही. तो वाद इथं नको.) जरा मागं गेलं तर अकराव्या-बाराव्या शतकात कर्नाटकात यलबुर्ग्याला सिंद नावाचं घराणं होतं. कल्याणीच्या चालुक्यांचे ते मांडलिक आणि स्वतःला नागवंशी म्हणवून घेणारे. ग्वाल्हेरच्या राजचिन्हातही नाग आहेत. काही अभ्यासक यावरून शिंद्यांचं मूळ या सिंदांपर्यंत नेतात. नाव आणि नाग जुळतात हे खरं, पण मधल्या काही शतकांची सलग वंशावळ कुणाच्या हाती नाही. म्हणून मी तरी याला तर्कच म्हणेन. चांगला तर्क, पण तर्क.

आता जरा टोचणारा मुद्दा. शिंदे हे आडनाव एकाच जातीत नाही. मराठ्यांत आहे, कुणब्यांत आहे, धनगरांत आहे, दलित समाजात आहे, आणखीही कुठं कुठं आहे. जाधव, पवार, मोरे, गायकवाड यांचंही तेच. कुळाची नावं जातींच्या कुंपणाला जुमानत नाहीत, हे गेल्या शतकातल्या जातवार नोंदी चाळल्या तरी ध्यानात येतं. याचं एकच एक कारण देता येत नाही. काहींच्या मते ही कुळं जातींची आजची घट्ट घडी बसायच्या आधीची आहेत. काही म्हणतात, सरदाराच्या पदरी असलेल्या, त्याच्या पागेत, त्याच्या वाड्यावर राबणाऱ्या लोकांना त्याच्याच नावानं ओळखू लागले. दोन्ही गोष्टी निरनिराळ्या ठिकाणी घडल्या असणार. निष्कर्ष साधा आहे: शिंदे ऐकून जात कळत नाही. तरी ती ओळखायचा खटाटोप लोक करतात आणि तोंडावर आपटतात.

ही व्याप्ती नुसत्या नामवंतांकडे बघितली तरी कळते. विठ्ठल रामजी शिंदे जमखंडीचे. १९०१ ते १९०३ ऑक्सफर्डला धर्मांचा अभ्यास करून आले आणि १९०६ साली मुंबईत अस्पृश्यांच्या शिक्षणासाठी मिशन काढून बसले. स्वतः मराठा आणि आयुष्य घालवलं अस्पृश्यता निवारणात. त्यांना महर्षी म्हणतात. प्रल्हाद शिंदे गायक. भक्तिगीतं आणि भीमगीतं, दोन्ही त्यांच्या खड्या आवाजात महाराष्ट्रभर वाजली. पंढरीच्या वाटेवर जो आवाज तोच चैत्यभूमीवर. पुढं आनंद शिंदे, मिलिंद शिंदे आणि मग नातू आदर्श शिंदे. सदाशिव शिंदे, म्हणजे क्रिकेटवाल्यांचे सदू शिंदे, लेगस्पिनर. सातच कसोट्या खेळले, पण १९५१ साली दिल्लीला इंग्लंडचे ९१ धावांत ६ गडी त्यांनी घेतले. ऐन तिशीत, १९५५ मध्ये गेले. शरद पवारांचे ते सासरे, हे बऱ्याच जणांना त्यांच्या गोलंदाजीपेक्षा जास्त ठाऊक असतं. अण्णासाहेब शिंदे नगर जिल्ह्यातले, हरितक्रांतीच्या काळात केंद्रात शेतीचे राज्यमंत्री. त्यांचं नाव आज फार कुणी घेत नाही, ही खंत आहे.

मुख्यमंत्री दोन झाले. सोलापूरचे सुशीलकुमार शिंदे २००३ मध्ये आणि मूळचे सातारा जिल्ह्यातल्या दरे गावचे, राजकारण ठाण्यात केलेले एकनाथ शिंदे २०२२ मध्ये. अभिनेते सयाजी शिंदेही सातारा जिल्ह्यातले. जिल्हा एक झाला म्हणून घराणं एक होत नाही. तेलुगू माणसाची यात कशी गंमत होत असेल बघा. सुशीलकुमार मध्यंतरी आंध्र प्रदेशाचे राज्यपाल होते, सयाजी तेलुगू सिनेमात गाजलेले आणि विशाखापट्टणमला सिंधिया. ही तिन्ही एकाच आडनावाची रूपं आहेत हे तिथल्या कितीजणांना ठाऊक असेल!

बायकांच्या बाबतीत आडनावाचा माग आणखी चकवतो. ताराबाई शिंदे बुलढाण्याच्या. बाई आणि पुरुष यांना समाज वेगवेगळ्या मापानं का मोजतो, असा रोकडा सवाल करणारा त्यांचा ‘स्त्रीपुरुषतुलना’ हा निबंध १८८२ सालचा. हे शिंदे आडनाव त्यांच्या वडिलांकडचं, बापूजी हरी शिंदे यांच्याकडचं. नवरा घरजावई म्हणून आला आणि बाई माहेरच्या नावानं उरल्या. याउलट बायजाबाई शिंदे. त्या कागलच्या घाटग्यांची लेक, सर्जेराव घाटग्यांची मुलगी. दौलतराव शिंद्यांशी लग्न झालं आणि पतीमागं १८२७ ते १८३३ ग्वाल्हेरचा कारभार त्यांनीच पाहिला. काशीचा सिंधिया घाट त्यांनी बांधवला. घाट इतका अवजड झाला की खचला. शेजारचं रत्नेश्वर मंदिर तर आजही एका अंगाला कलून गंगेत उभं आहे आणि लोक त्याचे फोटो काढतात. उज्जैनचं गोपाळ मंदिरही बायजाबाईंचंच. म्हणजे काशी आणि उज्जैनमध्ये शिंद्यांचं नाव राखलं ते जन्मानं घाटगे असलेल्या बाईनं.

आणि अगदी अलीकडचं बघायचं तर ग्वाल्हेरच्याच दोन बहिणी. यशोधराराजे ‘सिंधिया’ लावतात. वसुंधराराजे धोलपूरच्या राजघराण्यात गेल्या. त्या राजस्थानच्या मुख्यमंत्री झाल्या त्या नुसत्या ‘राजे’ या नावानं. घर एक, पाट्या दोन.

आता या सगळ्यातली सर्वांत मोठी शाखा. सातारा जिल्ह्यात कोरेगावजवळ कण्हेरखेड. राणोजी शिंदे तिथले. पहिल्या बाजीरावाच्या पदरी वर आले आणि माळव्याच्या मोहिमांत होळकर-पवारांसोबत वाटा मिळवून सरदार झाले. त्यांचं कुलदैवत जोतिबा. कोल्हापूरजवळच्या वाडी रत्नागिरीचं आजचं मोठं देऊळ राणोजींनी १७३० मध्ये बांधवलं असं सांगतात, आणि त्यांच्या एका मुलाचं नावही जोतिबाच. मुलगे एकाहून एक. जयाप्पा १७५५ मध्ये नागोरला मारले गेले. दत्ताजी १० जानेवारी १७६० ला दिल्लीजवळ बुराडी घाटावर पडले. ‘क्यूं पाटील, और लडोगे?’ आणि ‘बचेंगे तो और भी लडेंगे’ हे सवाल-जवाब प्रत्येक मराठी पोराला पाठ असतात, पण त्यातली एक गोष्ट निसटते. सवाल करणारा रोहिल्यांकडचा कुतुबशहा दत्ताजींना ‘शिंदे’ म्हणत नाही, ‘पाटील’ म्हणतो. महादजींनाही लोक पाटीलबावा म्हणत आणि दिल्लीच्या बादशहाचा सारा कारभार हातात आल्यावरही त्यांना ते रुचत होतं. त्या काळी माणसाला हाक मारायची ती हुद्द्यानं. आडनाव हे आजच्यासारखं प्रत्येक कागदाच्या पहिल्या रकान्यात भरायचं प्रकरण नव्हतं. शाळेचा दाखला, पलटणीची भरती, जमिनीची मोजणी, कोर्टाचे कागद हे इंग्रजी अमलात वाढलं, तेव्हा प्रत्येकाला एक पक्कं आडनाव लागू लागलं. मग कुणी कुळाचं दिलं, कुणी गावाला ‘कर’ जोडलं, कुणाला मास्तरांनी जे लिहिलं तेच कायमचं चिकटलं.

पानिपतात जयाप्पांचे चिरंजीव जनकोजी गेले, पायाला जखम होऊन महादजी वाचले आणि पुढचा इतिहास त्यांनी केला. १२ फेब्रुवारी १७९४ ला पुण्याजवळ वानवडीत ते वारले. आज तिथं शिंदे छत्री आहे, आणि पुणेकर त्या रस्त्यानं जाताना ‘शिंदे छत्रीच्या अलीकडे’ असा पत्ता सांगतात.

महादजींना मुलगा नव्हता. दौलतराव हे त्यांच्या भावाचे, तुकोजींचे नातू, ते दत्तक आले. दौलतरावांनाही मुलगा नव्हता. बायजाबाईंनी जनकोजी (हे पानिपतवाले नव्हेत, दुसरे) दत्तक घेतले. जनकोजी १८४३ मध्ये निपुत्रिक वारले, मग जयाजीराव दत्तक. ज्या घराण्याला आपण ‘शिंद्यांचा वंश’ म्हणून एका सरळ रेषेत पाहतो, त्या रेषेत ओळीनं तीन दत्तक आहेत. दत्तक भाऊबंदांतूनच घ्यायचा, म्हणून आडनाव बदललं नाही इतकंच. आडनाव पाहून सलग रक्त आहे असं वाटतं. गादीच्या कागदांत मात्र दत्तकविधी असतात.

ग्वाल्हेरला गेलात तर आणखी एक गोष्ट नजरेत भरेल. आडनावाच्या पाट्या आहेत, नाही असं नाही. किल्ल्यावरची सिंधिया स्कूल १८९७ साली सरदारांच्या मुलांसाठी सुरू झाली. मुलींसाठी सिंधिया कन्या विद्यालय आहे, हॉकीचा सिंधिया गोल्ड कप आहे. पण खुद्द राजघराण्याच्या खुणा बऱ्याचशा पहिल्या नावानं आहेत. जयाजीरावांचा जयविलास राजवाडा १८७४ चा. विद्यापीठ जिवाजीरावांच्या नावचं. शिवपुरीचं राष्ट्रीय उद्यान माधव. घरातल्या घरात आडनाव बिनकामाचं, कारण सगळेच शिंदे. मराठीचा खरा ठसा बघायचा तर शहराच्या ‘लष्कर’ या भागाकडे बघा. १८१० च्या सुमाराला दौलतरावांच्या फौजेचा तळ जिथं पडला, तिथं वस्ती झाली आणि तळाचं नावच शहराला चिकटलं.

शिंद्यांचं सिंधिया कुठं झालं? हिंदी मुलखातल्या आणि इंग्रज कारकुनांच्या लिखाणात. एकाच माणसाचं नाव इंग्रजी पत्रांत चार-पाच तऱ्हांनी लिहिलेलं सापडतं. त्यातलं एक रूढ झालं, मग ते वळून हिंदीत आलं. पवारांचंही असंच पुआर झालं. परिणाम असा की आज एकाच कुळाची दोन आडनावं आहेत. मुंबईतल्या माणसाला शिंदे आणि सिंधिया हे वेगळे लोक वाटतात, आणि दिल्लीतल्या वार्ताहराला महाराष्ट्राच्या शिंद्यांचा ग्वाल्हेरशी संबंध असू शकतो हे सुचतही नाही. उलट मराठी वर्तमानपत्रं ज्योतिरादित्यांना ‘शिंदे’च लिहितात. वाचकाला मथळ्यात ‘शिंदे दिल्लीत’ दिसलं, की बातमी उघडल्याशिवाय कळत नाही कोण ते.

वस्तूंवरही हे आडनाव बसलं आहे. सराफाकडे ‘शिंदेशाही तोडे’ मागा, तो बरोबर काढून दाखवेल. शिंदेशाही पगडी आहे. ग्वाल्हेरकडच्या मराठी मंडळींच्या लग्नात ती अजून डोक्यावर चढते. तोडे घालणारी बाई कुलकर्णी असो की काळे, मनगटावर शिंदेच. गावांचं म्हणाल तर शिंदेवाड्या कितीतरी आहेत. पुण्याहून साताऱ्याकडे कात्रजचा बोगदा ओलांडला की एक, शिरवळच्या बाजूला आणखी एक. नाशिक-पुणे रस्त्यावर तर गावच ‘शिंदे’ आहे आणि त्याच्या टोलनाक्यावर थांबलेल्या गाड्यांतून रोज किती शिंदे जात असतील कोण जाणे. पण प्रत्येक मिळतंजुळतं नाव शिंद्यांच्या खाती टाकू नये. शिंदीची झाडं आपल्याकडे ओढ्याकाठी पुष्कळ, आणि धुळ्याकडचं शिंदखेडा, वर्ध्याकडचं सिंदी अशी नावं त्या झाडाशी जोडली जातात.

इतके शिंदे असतील तर माणसं एकमेकांना वेगळं कसं ओळखतात? ज्या गावात निम्मी घरं शिंद्यांची, तिथं आडनाव कुणी उच्चारतच नाही. तिथं मळ्यातले, वाड्यातले, वरच्या आळीचे, ओढ्यापलीकडचे अशी ओळख चालते, आणि एखाद्याच्या आजोबांचं टोपणनाव तिसऱ्या पिढीला चिकटलेलं असतं. लग्नपत्रिका काढून बघा. ‘समस्त शिंदे परिवार’ हे मोठ्या अक्षरात, सोनेरी शाईत. त्याखाली बारीक टाइपात ‘मु. पो., ता., जि.’ असतं. ओळख पटवायचं खरं काम ती बारीक ओळ करते. सोयरीक जुळवताना जाणती माणसं आडनावावर कधीच थांबत नाहीत. मूळ गाव विचारतात, देवक विचारतात, कुलदैवत विचारतात, मामांचं आडनाव विचारतात. एका कुळात लग्न टाळायचं, म्हणून ही उलटतपासणी. म्हणजे आडनाव जितकं पसरलेलं, तितके त्याच्या पाठीमागचे प्रश्न जास्त.

मराठी नावाची घडणही यासाठी सोयीची आहे. स्वतःचं नाव, बापाचं नाव, मग आडनाव. गर्दीच्या आडनावात मधलं नाव भार उचलतं. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर महाराष्ट्रात आईचंही नाव येतं: बाळाचं, आईचं, वडिलांचं, मग आडनाव. निर्णय आईच्या मानासाठी झाला, पण एकाच नावाचे दोन शिंदे वेगळे करायलाही तो उपयोगी पडणार.

निवडणुकीत मात्र हीच गोष्ट उलटवतात. नावाच्या आणि आडनावाच्या साधर्म्याचा उमेदवार शोधून उभा करायचा, ही आपल्याकडची जुनी युक्ती. २०१४ साली रायगड लोकसभेत सुनील तटकरे २,११० मतांनी हरले. त्यांच्याच नावाच्या आणि आडनावाच्या एका अपक्षाला तिथं ९,८४९ मतं पडली होती. तटकरे हे काही शिंद्यांसारखं गल्लोगल्ली सापडणारं आडनाव नव्हे, तरी जुळणारा माणूस मिळाला! पुढं १ मे २०१५ पासून निवडणूक आयोगानं मतपत्रिकेवर उमेदवाराचा फोटो छापायला सुरुवात केली, ती असा घोळ टाळण्यासाठीच.

ज्याला आपली शाखा खरोखर शोधायची आहे, त्यानं काय करावं? गूगलवर आडनाव टाकून काही मिळत नाही, मिळतात ते पुढारी आणि गायक. त्र्यंबकेश्वर, पंढरपूर, काशी, गया इथल्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत गाव सांगितलं की पणजोबांच्या सह्या निघू शकतात. कोल्हापूर, सांगली, बेळगाव भागात हेळवी घरोघर फिरत आणि पिढ्यांची नावं वाचून दाखवत. त्यांच्या दप्तरांत घराणी गावानं लावलेली असतात. तहसील कचेरीत गाव नमुना १४, म्हणजे कोतवाल बुक, असतं. जन्ममृत्यूच्या जुन्या नोंदी, बऱ्याचशा मोडीत. म्हणून मोडी वाचणारा माणूस आधी गाठावा लागतो.

या मोडीवाल्यांचा भाव मध्यंतरी एकदम वधारला. सप्टेंबर २०२३ मध्ये राज्य सरकारनं मराठवाड्यातल्या कुणबी नोंदी शोधायला समिती नेमली. समितीचे अध्यक्ष निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे, नेमणाऱ्या सरकारचे मुख्यमंत्री एकनाथ शिंदे. बातम्यांत ‘शिंदे सरकारने नेमलेल्या शिंदे समितीने’ असं वाक्य सर्रास यायचं. ही समिती जुनी निजामकालीन कागदपत्रं बघत हैदराबादपर्यंत गेली. त्या कागदांत नाव असतं, बापाचं नाव असतं, जातीचा रकाना असतो, आणि आडनाव पुष्कळदा नसतंच. त्यामुळं नोंद सापडली तरी ती आपल्याच पणजोबांची हे पटवायला लोकांना गाव, गट आणि वंशावळ प्रतिज्ञापत्रावर लिहून द्यावी लागली.